वाचकांचे प्रश्न : ब्लेंड मोड सगळीकडे एकसारखे कसे ठेवायचे?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ते म्हणजे ब्लेंड मोड, म्हणजे वरची लेयर (चित्रावर चढवलेला वेगळा थर) खालच्या चित्रात कशी मिसळायची ते ठरवणारी सेटिंग. कुणाच्या सिरीजमधले फोटो एकमेकांशी जुळत नाहीयेत, कुणाची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की रंगच बदलतो, कुणाचा इफेक्ट ग्रुप केल्याबरोबर गायब होतो. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. उदाहरणं मुख्यतः फोटोशॉपची आहेत कारण जास्त प्रश्न त्यातले होते, पण मोडच्या मागचं गणित बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तेच असतं, जिथे नसतं तिथे तसं सांगितलंय.

प्रश्न : मी एका सिरीजमध्ये पंचवीस-तीस फोटो एडिट करतो. प्रत्येकावर उबदार रंगाची एक लेयर टाकतो आणि मग मोडची यादी स्क्रोल करत जे छान दिसेल ते ठेवतो. एकेकटा फोटो मस्त वाटतो पण शेजारी शेजारी ठेवले की वेगवेगळ्या लोकांनी केल्यासारखे दिसतात. मग एकच मोड आणि एकच ओपॅसिटी (लेयर किती टक्के दिसावी ते) सगळ्यांना लावून पाहिली, तरी फरक राहतोच. नक्की काय चुकतंय?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट, स्क्रोल करून मोड निवडणं. यादीत पंचवीसच्या वर मोड आहेत आणि त्यातले चार-पाच कुठल्याही फोटोवर पहिल्या नजरेला छानच दिसतात, कारण कॉन्ट्रास्ट वाढला की डोळ्याला बरं वाटतं. मग एका फोटोवर ओव्हरले राहतो, दुसऱ्यावर सॉफ्ट लाइट, तिसऱ्यावर हार्ड लाइट, आणि तिन्हींचं काम वेगळं असतं. त्यामुळे मोड निवडायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, ही लेयर मी कशासाठी टाकतोय? गडद करायला, उजळ करायला, कॉन्ट्रास्टला, की फक्त रंग बदलायला? फोटोशॉपची यादी बारीक रेघांनी भागलेली आहे ती साधारण याच हिशोबाने, आधी गडद करणारे, मग उजळ करणारे, मग कॉन्ट्रास्टवाले, मग तुलना करणारे आणि शेवटी ह्यू, सॅच्युरेशन, कलर, ल्युमिनॉसिटी. काम ठरलं की गट ठरतो, आणि गटातला एक मोड त्या पूर्ण प्रोजेक्टसाठी पक्का करून टाका. सावल्यांना मल्टिप्लाय म्हणजे सगळ्या फोटोंत मल्टिप्लाय. कमी-जास्त करायचं असेल तर ओपॅसिटीला हात लावा, मोडला नाही. सगळ्यात जास्त फरक याच एका सवयीने पडतो असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. एकच मोड, एकच ओपॅसिटी लावूनही फरक राहतो, कारण ब्लेंड मोड म्हणजे फोटोवर चढवलेला फिल्टर नाहीच, ते वरच्या आणि खालच्या पिक्सेलमधलं गणित आहे. खालचा आकडा बदलला की उत्तर बदलणारच. सोयीसाठी एकाच चॅनेलचे (लाल, हिरवा, निळा यातला एक) आकडे घेऊ, ० म्हणजे अगदी गडद आणि २५५ म्हणजे अगदी उजळ. समजा तुमच्या लेयरचा आकडा २०० आहे आणि मोड ओव्हरले. खाली १५० असेल तर उत्तर येतं २१०, म्हणजे ६० ने उजळ. खाली २३० असेल तर २४४, म्हणजे फक्त १४ ने. खाली ४० असेल तर ६३, म्हणजे २३ ने. म्हणजे तीच लेयर मिडटोनला, म्हणजे मधल्या उजेडाच्या भागांना, जोरात ढकलते आणि अगदी उजळ, अगदी गडद भागांना जेमतेम हात लावते. आता तुमच्या सिरीजमधला एक फोटो अंडरएक्स्पोज आहे आणि दुसरा बरोबर आहे, तर पहिल्यात चेहरा मिडटोनच्या खाली पडलाय आणि दुसऱ्यात वर, मग एकच रंग दोघांवर एकसारखा बसेल कसा?

म्हणून क्रम असा ठेवा, आधी सगळ्या फोटोंचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एका पातळीवर आणा, तेही रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), आणि मग ब्लेंडवाल्या लेयर टाका. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक फोटोत वेगळी ओपॅसिटी ठेवून मारामारी करत बसावं लागतं.

मल्टिप्लाय या बाबतीत जास्त भरवशाचा आहे. त्याचं गणित साधा गुणाकार, वरचा गुणिले खालचा भागिले २५५. लेयर २०० ची असेल तर खालचा २३० होतो १८० आणि १५० होतो ११८. उजळ असो की गडद, प्रत्येक पिक्सेल मूळच्या साधारण ७८ टक्क्यांवर येतो, प्रमाण सगळीकडे तेच. स्क्रीन म्हणजे हेच गणित उलटं करून, त्यामुळे तोही असाच सरळ वागतो. ज्यांना सिरीज जुळवायचीय त्यांनी जमेल तितकं काम या दोघांवर आणि कर्व्ह्जवर (रेषेला वळण देऊन उजेड-अंधार बदलायचं साधन) करावं आणि ओव्हरलेच्या घराण्यातले मोड थोडे हात राखून वापरावेत असं माझं मत आहे.

आणि एक छोटा प्रयोग नक्की करून बघा. नवीन फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आडवा ग्रेडियंट काढा, शेजारी लाल, हिरवा, निळा आणि त्वचेच्या रंगाचे चौकोन ठेवा. वर तुमची तीच उबदार लेयर टाका आणि मोड बदलत जा. फोटोत डोळा विषयाकडे जातो म्हणून मोड काय करतोय ते कळत नाही, ग्रेडियंटवर ते उघडं दिसतं, कुठे उजळतंय, कुठे काहीच होत नाहीये, कुठे रंग फाटतोय. ही फाइल जपून ठेवा, कुठलाही नवीन मोड प्रोजेक्टमध्ये आणायच्या आधी त्यावर टाकून बघायला उपयोगी पडते.

प्रश्न : ओव्हरले आणि सॉफ्ट लाइटमध्ये फरक काय? डॉज-बर्नसाठी (फोटोचे ठराविक भाग उजळ-गडद करायला) कुणी हा सांगतं, कुणी तो.

दोघांचाही न्यूट्रल रंग ५० टक्के ग्रे आहे, म्हणजे मधला ग्रे टाकला तर काहीच दिसत नाही, त्याहून उजळ टाकलं तर खालचं उजळतं, गडद टाकलं तर गडद होतं. म्हणूनच डॉज-बर्नला दोन्ही चालतात. फरक ताकदीचा. ओव्हरले जास्त कडक आहे आणि रंग पटकन भडक करतो, सॉफ्ट लाइट हळू चढतो. त्वचेवर काम असेल तर मी सॉफ्ट लाइटच सांगेन, कमी फ्लोचा, म्हणजे एका वेळी थोडाच रंग सोडणारा ब्रश घ्या, हळूहळू चढवा. वस्तूंचे फोटो, धातू, काच, कापडाचा पोत असं काही असेल तर ओव्हरलेचा कडकपणा उपयोगी येतो.

ग्रे लेयर बनवायला आल्ट दाबून नवीन लेयरच्या आयकॉनवर क्लिक करा, जो डायलॉग येतो त्यात मोड निवडला की खाली न्यूट्रल रंगाने भरायचा चेकबॉक्स चालू करता येतो. मल्टिप्लाय निवडलात तर तिथे पांढरा येईल, स्क्रीनला काळा, कारण त्यांचे न्यूट्रल ते आहेत. कलर, ल्युमिनॉसिटी वगैरे निवडलं तर तो चेकबॉक्स चालतच नाही कारण त्यांना न्यूट्रल रंग नाहीच.

एक मात्र लक्षात ठेवा. हे दोन्ही मोड पूर्ण काळ्याला आणि पूर्ण पांढऱ्याला हलवू शकत नाहीत. ० चा ० राहतो, २५५ चा २५५. कपाळावरचा हायलाइट जळून पांढरा झाला असेल तर सॉफ्ट लाइटने कितीही काळं फिरवा, तिथे काही होणार नाही, आणि मल्टिप्लायने केलंत तर सपाट राखाडी डाग पडेल. त्याला आजूबाजूची त्वचा क्लोन करून आणणं किंवा रॉ मधून हायलाइट परत मिळतोय का बघणं एवढेच मार्ग.

प्रश्न : कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट वाढवला की चेहरे लालभडक होतात. सॅच्युरेशन कमी केलं तर बाकीचा फोटो फिका पडतो.

कर्व्ह्जच्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करा. नॉर्मलमध्ये एस-कर्व्ह (कॉन्ट्रास्ट वाढवणारी एस आकाराची रेषा) तिन्ही चॅनेल वेगवेगळे ताणतो, त्यामुळे चॅनेलमधलं अंतर वाढतं आणि रंग तापतात. ल्युमिनॉसिटीमध्ये फक्त उजेड-अंधार बदलतो, रंग खालचाच राहतो. याच्या उलट, फक्त रंग बदलायचा आणि उजेड तसाच ठेवायचा असेल तर कलर मोड. ही जोडी ज्याला नीट समजली त्याची निम्मी डोकेदुखी संपते. पण सिरीजमध्ये एका फोटोचा कर्व्ह नॉर्मल आणि दुसऱ्याचा ल्युमिनॉसिटी असं होऊ देऊ नका, शेजारी ठेवल्यावर हा फरक लगेच ओळखू येतो.

प्रश्न : मी चित्रं काढते. सावलीच्या सगळ्या लेयर मल्टिप्लायवर आहेत, नीटनेटकं राहावं म्हणून त्यांचा ग्रुप केला आणि ग्रुपवर मास्क (ठराविक भागच दिसू देणारा) लावला. मग कुठेतरी ग्रुपचा मोड नॉर्मल झाला आणि सावल्या एकदम मळकट दिसायला लागल्या. लेयरचे मोड मात्र मल्टिप्लायच आहेत!

ग्रुपचा स्वतःचाही मोड असतो, खूप जणांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. फोटोशॉपमध्ये नवीन ग्रुप पास थ्रू मोडमध्ये येतो, म्हणजे ग्रुप फक्त फोल्डरसारखा असतो आणि आतल्या लेयर ग्रुपच्या बाहेर खाली जे आहे त्याच्याशी ब्लेंड होतात. ग्रुप नॉर्मल केला की तो बंद डबा होतो. आधी आतल्या लेयर आपापसातच मिसळतात, आणि तयार झालेलं चित्र मग साध्या नॉर्मलने खालच्यावर ठेवलं जातं. तुमच्या सावल्यांना डब्याच्या आत गुणाकार करायला खाली काहीच मिळालं नाही, त्यामुळे सावलीचा रंग जसाच्या तसा वर थापल्यासारखा दिसतोय.

तुमच्या केसमध्ये दोन मार्ग आहेत. ग्रुप परत पास थ्रू करा, मास्क तसाच चालेल. नाहीतर सगळ्या सावल्या आत नॉर्मलवर काढा आणि ग्रुपलाच मल्टिप्लाय द्या. चित्रांसाठी मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. मल्टिप्लायच्या दोन सावल्या एकमेकींवर आल्या की तिथे दुप्पट काळोख होतो, सावलीच्या आत सावलीची कड दिसते, ते चांगलं दिसत नाही. आत नॉर्मल ठेवलं तर एकाच रंगाच्या, पूर्ण ओपॅसिटीच्या सावल्या एकमेकींत मिसळून एक आकार होतात आणि तो अख्खा आकार एकदाच गुणला जातो. पूर्ण चित्राला सावलीची एकच ओपॅसिटी राहते, ती ग्रुपवरून बदलता येते, आणि पुढच्या पानावर हाच ग्रुप नेला की तिथेही सावली तशीच पडते.

अॅडजस्टमेंट लेयरचंही (कर्व्ह्जसारखा बदल करणारी लेयर) असंच आहे. पास थ्रू ग्रुपमधली कर्व्ह्ज लेयर खालच्या सगळ्या चित्रावर परिणाम करते, नॉर्मल ग्रुपमधली फक्त ग्रुपच्या आतल्या गोष्टींवर. कधी हे हवं असतं, कधी ते, पण ठरवून केलेलं असावं.

क्लिपिंग मास्क (वरची लेयर खालच्या बेस लेयरच्या आकारापुरतीच दाखवणारा) लावत असाल तर हेही बघा की क्लिप केलेल्या लेयर आधी आपल्या बेस लेयरशी मिसळतात आणि मग बेसचा मोड त्या सगळ्या गठ्ठ्याला लागू होतो. बेस मल्टिप्लायवर असेल तर वर क्लिप केलेला नॉर्मल हायलाइटही मल्टिप्लाय होऊन नाहीसा होतो, ‘हायलाइट दिसतच नाही’ असे जे प्रश्न येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं.

प्रश्न : शिफ्ट-आल्ट-एम दाबून मल्टिप्लाय लावतो. कधी लागतो, कधी लागतच नाही आणि नंतर ब्रश विचित्र वागायला लागतो.

ब्रश किंवा दुसरं कुठलं पेंटिंगचं टूल हातात असेल तर तोच शॉर्टकट ब्रशचा मोड बदलतो, लेयरचा नाही. आधी व्ही दाबून मूव्ह टूल घ्या, मग शॉर्टकट. आणि ब्रश विचित्र वागतोय असं वाटलं की वरच्या पट्टीत त्याचा मोड बघून नॉर्मल करा. माझं तर म्हणणं आहे की ब्रशचा मोड कायम नॉर्मलच ठेवावा, कारण ब्रशने केलेलं ब्लेंडिंग त्या लेयरच्या पिक्सेलमध्ये कायमचं भाजलं जातं, लेयरचा मोड मात्र कधीही बदलता येतो.

प्रश्न : ओपॅसिटी आणि फिल यात मला तरी काही फरक दिसत नाही, कुठलाही वापरला तर चालेल ना?

बहुतेक मोडमध्ये चालेल, लेयर स्टाइल (लेयरला लावायचे सावली, चमक असे तयार इफेक्ट) लावलेली नसेल तर. पण आठ मोड असे आहेत जिथे फिल वेगळा वागतो. कलर बर्न, लिनिअर बर्न, कलर डॉज, लिनिअर डॉज, व्हिविड लाइट, लिनिअर लाइट, हार्ड मिक्स आणि डिफरन्स. ओपॅसिटी तयार झालेला निकाल फिका करते, फिल गणिताच्या आधीच लेयरचा जोर कमी करतो. हार्ड मिक्सवर बघा, ओपॅसिटी ५० केली तरी रंगांचे कर्कश ठिगळ अर्धवट दिसत राहतात, फिल ५० केला तर तोच मोड कॉन्ट्रास्टचा वापरण्याजोगा इफेक्ट देतो. कलर डॉजने दिव्याची चमक काढायची असेल तरी फिलच वापरा, जास्त नैसर्गिक येते.

टीममध्ये काम करत असाल तर या आठ मोडसाठी फिल आणि बाकीच्यांसाठी ओपॅसिटी असं आधीच ठरवून घ्या. ‘४० टक्क्यांवर ठेवलंय’ असं कुणी सांगितलं आणि समोरच्याने दुसरा स्लायडर ४० वर नेला तर दोघांची चित्रं जुळणार नाहीत.

प्रश्न : आमच्यात एक जण फोटोशॉप वापरतो, मी गिंप, तिसरी मैत्रीण क्रिटा. एकच फाइल तिघांकडे थोडी थोडी वेगळी दिसते. मॉनिटरचा प्रॉब्लेम आहे का?

मॉनिटरचाही असू शकतो, पण मोडच्या नावाखालचं गणित वेगळं असण्याची शक्यता आधी तपासा. सगळ्यात मोठं कारण म्हणजे गणित कुठल्या स्पेसमध्ये होतंय. काळ्यावर पांढरी लेयर ५० टक्के ओपॅसिटीने ठेवा. फोटोशॉप नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ देतो. तेच मिश्रण लिनिअर, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या हिशोबाने केलं तर १८८ येतं, चांगलंच उजळ. गिंपने २०१८ मध्ये आलेल्या २.१० पासून बऱ्याच मोडना लिनिअरची सोय दिली आणि काही मोड तर आपोआपच तसे चालतात. मऊ कडा, पारदर्शक सावल्या, धूर, केस यात हा फरक सगळ्यात आधी दिसतो.

गिंपमध्ये लेयरवर राइट क्लिक करून ब्लेंड स्पेस आणि कॉम्पोझिट स्पेस बघता येतात, ते दोन्ही पर्सेप्च्युअल (म्हणजे लिनिअर नसलेले) केले की फोटोशॉपच्या जवळ येतं. मोडच्या यादीशेजारी छोटं बटण आहे त्याने लेगसी मोडची यादीही उघडते, ती जुन्या फाइल तशाच दिसाव्यात म्हणून ठेवलीय. अजून एक, गिंप २.८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ओव्हरले नावाचा मोड प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटचंच गणित करायचा. तेव्हाच्या ट्युटोरियलमधले ओव्हरलेचे आकडे आज जसेच्या तसे लावले तर इफेक्ट जास्त कडक येतो, तो यामुळे.

फोटोशॉपवाल्या मित्राला कलर सेटिंग्जमध्ये जाऊन आरजीबी ब्लेंडिंगचा गॅमा १.०० वर (म्हणजे लिनिअर मिश्रण) चालू केलेला नाही ना हे बघायला सांगा. एकाकडे चालू आणि दुसऱ्याकडे बंद असेल तर एकाच सॉफ्टवेअरमध्येसुद्धा फाइल वेगळी दिसते.

तिघांनी मिळून काम करायचं तर मोडची संख्या कमी ठेवा. नॉर्मल, मल्टिप्लाय, स्क्रीन एवढ्यावर खूप काही होतं. बाकी मोडचा भाग पूर्ण झाला की तो खालच्या चित्रासकट एका नवीन लेयरमध्ये मर्ज करून पुढे पाठवा, मूळ लेयर असलेली फाइल आपल्याकडे ठेवा. आणि लेयरच्या नावातच मोड आणि टक्के लिहा, ‘सावली मल्टिप्लाय ३५’ असं. फाइल दुसरीकडे उघडताना एखादा मोड नॉर्मल होऊन बसला तर नाव बघून लगेच कळतं, नाहीतर रंग का बदलला ते शोधण्यात वेळ जातो.

प्रश्न : वस्तूची सावली मल्टिप्लायवर आहे, पार्श्वभूमी काढून पीएनजी केलं. रंगीत पानावर ठेवलं तर सावलीभोवती राखाडी धुरासारखं दिसतं.

पीएनजीमध्ये मोड साठवलाच जात नाही, फक्त रंग आणि पारदर्शकता जाते. तुमची सावली राखाडी रंगाची असणार, आता ती नॉर्मलसारखी पानावर बसते आणि गडद पानावर तर उलट उजळ दिसते. उपाय सोपा आहे, सावलीचा रंग पूर्ण काळा करा आणि तीव्रता ओपॅसिटीने कमी करा. पूर्ण काळ्याला नॉर्मल आणि मल्टिप्लाय दोन्हींत उत्तर एकच येतं, त्यामुळे एक्स्पोर्ट केल्यावर काही बदलत नाही. रंगीत सावलीच हवी असेल तर ती वेगळ्या फाइलमध्ये पाठवा आणि पान बनवणाऱ्याला तिथे मल्टिप्लाय लावायला सांगा, वेबपेज असेल तर सीएसएसमध्येही त्यासाठी मिक्स-ब्लेंड-मोड आहे.

प्रश्न : छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) केलं की लेयरवाली फाइल बदलते. फोटोशॉप मर्ज करू का विचारतं तेव्हा काय उत्तर द्यायचं?

लेयर ठेवून कन्व्हर्ट केलं तर प्रत्येक मोडचं गणित आता शाईच्या चॅनेलवर होणार, आणि निकाल तोच येईल याची खात्री नाही. म्हणून मूळ आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची) फाइल लेयरसकट तशीच ठेवा, तिची कॉपी काढा, कॉपी फ्लॅटन करा (सगळ्या लेयर एकत्र) आणि मग कन्व्हर्ट करा. त्यानंतर जो रंग मवाळ होईल तो गॅमटमुळे (छपाईत येऊ शकणाऱ्या रंगांच्या मर्यादेमुळे), मोडमुळे नाही, आणि तो सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवून आरजीबी फाइलमध्येच सुधारता येतो. कन्व्हर्ट केल्यावर लेयर हव्यातच असा आग्रह छापणाऱ्यांनी धरला तर निदान मजकूर वेगळ्या लेयरवर ठेवून बाकी सगळं चित्र एकत्र करून द्या.